सल्ला : पेशंट ट्रॉलीवर सोडला की पुढचं काहीच कळत नाही

"ताई, मी २७ वर्षांची आहे. आमचं बिऱ्हाड दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात. बी.एस्सी. झाल्यावर ईएमटीचं, म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये तातडीचे उपचार करायचं ट्रेनिंग घेतलं आणि चार वर्षं झाली, बडोद्यातच ॲम्ब्युलन्सवर आहे. सुरुवातीला ड्यूटीची वाट बघायचे. आता निघायची वेळ झाली की पोटात गोळा येतो. निम्म्या केस म्हणजे चक्कर, ताप, नाहीतर पिऊन पडलेला माणूस. शिकलो काय आणि करतोय काय, असं वाटतं. आणि मोठी केस आली तर? नवरात्रात पन्नाशीच्या एका काकांना घरापासून दवाखान्यापर्यंत छाती दाबत, सीपीआर देत नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघितली आणि गेले म्हणून सांगितलं. बाहेर त्यांच्या भाच्यानं आमच्या पायलटची, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरची कॉलर धरली, 'केटली वार लगाडी!' किती वेळ लावलात! मी घरी आले, आंघोळ केली आणि भिंतीकडे बघत बसले. पेशंट ट्रॉलीवर सोडला की पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. आई म्हणते, सोड. स्थळं येतात, नाइट ड्यूटी ऐकली की परत जातात. मामेभाऊ एका खाजगी दवाखान्यात विम्याच्या डेस्कवर लावून देतोय, दहा ते सहा, रविवारी सुट्टी. महिनाअखेरपर्यंत हो-नाही सांगायचंय. सोडायचं म्हटलं तरी रडू येतं, नाही सोडायचं म्हटलं तरी येतं. काय करू?"

अगं मुली,

तुझ्या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत, एकही मनाची नाही. पण मी अडकले ते त्या ट्रॉलीच्या वाक्यापाशी, कारण त्या ट्रॉलीच्या पलीकडच्या बाजूला मी उभी असायचे. सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. तू जिथून रिकामं स्ट्रेचर घेऊन मागं फिरतेस, तिथून पुढचं मी बघितलंय. तेव्हा आधी ते सांगते. नोकरीचं मग.

एका सकाळी साठीच्या एक बाई आल्या. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लुळा, शब्द फुटत नव्हता. सोबतची सून इतकी घाबरलेली की "सकाळपासून असंच आहे" यापलीकडे तिला काही सांगता येईना. त्यांना घेऊन आलेली ईएमटी तुझ्याच वयाची असेल. तिनं फॉर्म पुढं करण्याआधी तोंडानं सांगितलं, "सिस्टर, सहा चाळीसला दूधवाल्याशी नीट बोलल्यात. सातला चहा पिताना कप हातातून पडला. शुगर १४२. रक्त पातळ करायची गोळी चालू नाही, गोळ्यांचा डबा सोबत आणलाय." आणि डबा माझ्या हातात दिला.

मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. पण "सकाळपासून" म्हणजे कधीपासून? रात्री झोपेतच झालं असेल तर? शेवटचं नीट कधी होत्या, हे कुणालाच सांगता आलं नाही तर डॉक्टरांचे हात बांधले जातात. त्या मुलीनं दूधवाल्याला गाठून वेळ काढली होती. तिनं साखर बघितली होती, कारण साखर खाली गेलेला माणूसही असाच दिसू शकतो. बाईंना सरळ सीटी स्कॅनला नेलं, वेळेत इंजेक्शन मिळालं, आणि त्या स्वतःच्या पायांनी घरी गेल्या. जाताना डॉक्टरांना नमस्कार केला, मला पेढे दिले. ती मुलगी तेव्हा कुठल्या तरी चौकात दुसरी केस घेत असेल. तिला हे कोणी सांगितलं नसणार.

अशा कितीतरी जणी-जण माझ्यासमोरून गेले. तुझ्या चार वर्षांतसुद्धा अशी माणसं असणार, आज घरी बसून नातवंडांना रागावत असतील. त्यातली एकही तुला माहीत नाही आणि गेलेले मात्र सगळे माहीत आहेत, कारण जाणारा बहुतेक वेळा तुझ्यासमोरच जातो. ही मोजणीच एकतर्फी आहे. चार वर्षं असा हिशेब डोक्यात चालला तर कुणाच्याही पोटात गोळा येईल. मला वाटतं तुझा बराचसा थकवा इथून येतोय, आणि याच्यावर इलाज आहे.

इलाज असा. आठवड्यातून एकदा, शक्यतो दुपारी गर्दी ओसरल्यावर, जिथं तू जास्त केस नेतेस तिथल्या कॅज्युअल्टीत जा आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला विचार. नावानं विचारू नकोस. "मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला डभोई रोडवरून बाळंतपणाची केस आणली होती, बाळ गाडीतच झालं होतं" असं विचार. आम्हाला केस नावापेक्षा अशाच लक्षात राहतात. पेशंटचे कागद तुला दाखवणार नाहीत आणि दाखवूही नयेत, पण "बाळ आणि आई दोघं तिसऱ्या दिवशी घरी गेले" एवढं कोणीही सांगेल. पहिल्या वेळी उत्तर तुटक मिळेल. दुसऱ्या वेळी कमी तुटक. तिसऱ्या वेळी सिस्टर स्वतःहून सांगेल, कारण तिलाही पुन्हा पुन्हा येऊन विचारणारं कोणी भेटत नाही. छोट्या वहीत तारीख आणि दोन ओळी लिहून ठेव. कधी उत्तर "गेले" असंही मिळेल, तेही लिही.

आता तुझ्या "निम्म्या केस". फुकटची टॅक्सी समजून फोन करणारे असतात, रांग टाळायला ॲम्ब्युलन्समधून येणारे असतात, आणि तू चिडतेस त्यात गैर काही नाही. तेवढ्या वेळात दुसरीकडे कोणीतरी खरंच वाट बघत असतं. पण पिऊन पडलेल्या माणसाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

आपल्याकडे दारूबंदी आहे. त्यामुळे दारूच्या केसमध्ये सगळेच खोटं बोलतात. सोबतचे मित्र पळून जातात, घरचे "ऊन लागलं" म्हणतात, आणि जो खरोखर प्यायलेला नाही त्याच्याकडे बघून गर्दी "पीधेलो छे" म्हणून मोकळी होते. घामानं भिजलेला, बरळणारा, हात लावला तर अंगावर येणारा माणूस म्हणजे दारुडा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं. नवरात्रात असे किती पेशंट बघितले! नऊ दिवसांचा उपवास धरलेला आणि डायबिटिसची गोळी मात्र नेमानं चालू. तुझ्यासारखी कोणीतरी त्या गर्दीत गुडघे टेकून बोटाला सुई टोचते, मशीनवर ३८ आकडा येतो, कंट्रोल रूमच्या डॉक्टरांना फोन लावून शिरेतून ग्लुकोज देते, आणि बघता बघता तो माणूस उठून बसतो आणि विचारतो, माझी चप्पल कुठंय? तो पोलीस चौकीच्या बाकावर "उतरायची" वाट बघत पडून राहिला असता तर मेंदू कायमचा गेला असता, किंवा जीव. आणि जो खरंच प्यायलेला असतो, त्याचं डोकं दुभाजकावर आपटलेलं नाही हे कोणी सांगावं? डोळ्यांतली एक बाहुली मोठी आणि एक लहान, हे टॉर्च मारून बघणारी पहिली व्यक्ती तूच असतेस.

म्हणून "शिकलो काय आणि करतोय काय" हे मला पटलं नाही. जे शिकलीस ते याच केसमध्ये वापरलं जातं. एक्सप्रेस वेवरचा मोठा अपघात कुणालाही दिसतो. दारुडा म्हणून सोडून दिलेल्या माणसात पेशंट दिसायला शिक्षण लागतं.

त्या काकांबद्दल. तू सगळा वेळ छाती दाबत होतीस आणि तरी ते गेले. मी तुला खोटा धीर देणार नाही, आकडा सांगते. ज्या देशांत गल्लोगल्ली शॉक द्यायची मशीनं लावलेली आहेत, तिथंही दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्या दहा जणांपैकी साधारण एकच घरी परततो. शॉक देऊन सुरू होऊ शकणाऱ्या हृदयातसुद्धा मदतीविना जाणारं दर मिनिट वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करत जातं. आता तू आठवून बघ : तू दारात पोचलीस तेव्हा त्या घरात कुणी छाती दाबत होतं का? कोणी पाय चोळत असेल, कोणी तोंडावर पाणी मारत असेल, कोणी कांदा नाकाशी धरून बसलं असेल. तू पोचण्याआधीची ती मिनिटं तुझी नव्हती, ती तुझ्या खात्यावर मांडू नकोस. चालत्या गाडीत, ब्रेक लागला की तोल जात असताना, दमलेल्या हातांनी तू जे केलंस त्यानं त्या काकांना जी काही संधी उरली होती ती मिळाली. डॉक्टरांनी पट्टी बघून सांगितलं म्हणजे तुझं काम वाया गेलं, असा अर्थ नाही.

त्या आधीच्या मिनिटांचं मात्र तू काहीतरी करू शकतेस, आणि करावंस असं मला मनापासून वाटतं. बडोद्यात गणेशोत्सव कसा होतो ते मी तुला सांगायला नको. तुमच्या मंडळात दहा दिवसांतली एक संध्याकाळ मागून घे. ऑर्केस्ट्रा एक दिवस कमी झाला तर बाप्पा रागावणार नाही. उशी घे, त्यावर दाखव : तळहात छातीच्या मधोमध, कोपर सरळ, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि आमची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. वाड्यातल्या काकू, क्लासला जाणारी पोरं, पानवाला, सगळ्यांचे हात लागू देत. तुझं सांगणं लोक ऐकतील, कारण तू रोज हे करतेस.

भाच्यानं कॉलर धरली ते मला सहन झालं नाही. ज्याचा माणूस डोळ्यांसमोर जातोय त्याला दोन मिनिटं वीस वाटतात हे खरं, पण म्हणून हात टाकायचा अधिकार मिळत नाही. असं झालं की त्याच दिवशी ऑफिसला लेखी द्या, दोघांच्या सह्यांनी, वेळेसकट. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी विरून जातं. रस्ता न देणाऱ्या गाडीवाल्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दहा हजारांचा दंड आहे, कलम १९४-ई. गरब्याच्या रात्री तो कोण वसूल करणार, हा प्रश्न तू विचारशील आणि माझ्याकडे उत्तर नाही. पण मंडळांना आधीच सांगून एक बाजू मोकळी ठेवायला लावता येते. तेवढं तरी मागावं.

घरात शिरताना एक करून बघ. जो सगळ्यात जोरात ओरडतोय त्याच्याकडे बघून आपलं नाव सांग आणि त्यालाच काम दे. "भाई, गोळ्यांचा डबा आणि जुनी फाइल घेऊन या." "हा सिलिंडर धरून माझ्याबरोबर जिना उतरा." तुमच्या दांडिया बाजारातले ते लाकडी जिने, एका माणसाला धड वळता येत नाही तिथं स्ट्रेचर कसलं वळतंय! खुर्चीत बसवून, चादरीनं छातीशी बांधून, एक वरून आणि एक खालून, एकेक पायरी मोजत उतरवावं लागतं. त्यात घरच्या माणसाचा हात लागला की तो तुमच्या बाजूचा होतो. मागून ओरडणाऱ्याला तुम्ही उशीर करताय असं दिसतं, पायरीवर उभा असतो त्याला तुम्ही काय उचलताय ते कळतं.

आणि आमच्या बाजूचं. "ठेव तिकडं" म्हणणारी सिस्टर, तासभर अडकवून ठेवलेलं तुमचं स्ट्रेचर, सही द्यायला टाळाटाळ. हे चुकीचंच आहे. रात्री पलंग नसतो, वॉर्डबॉय नसतो, एकीच्या अंगावर वीस पेशंट असतात, ही कारणं आहेत, पण तुला तोडून बोलायला ती पुरत नाहीत. तू फक्त एवढं कर : हँडओव्हर एका दमात दे. वय, काय झालं, कधी झालं, तुला काय सापडलं, तू काय केलंस. "पेशंट सिरियस आहे" या वाक्यानं आम्हाला काही कळत नाही. "बीपी ८० वर आहे, दहा मिनिटांपूर्वी ११० होतं" म्हटलंस की हातातलं काम टाकून मी धावत येणार. सही घेताना नावही लिहून घे.

माझ्या नोकरीची पहिली वर्षं तुझ्या जन्माच्या आगेमागेची. तेव्हा दारात काय थांबायचं माहीत आहे? रिक्षा. आत तिघांच्या मांडीवर आडवा घातलेला माणूस, मान एका बाजूला लोंबकळतेय, पाय बाहेर. टेम्पोच्या हौद्यात पोत्यांवर टाकून आणलेला. पोलिसांच्या जीपमधून आलेला. मणक्याला जे अपघातात झालं नव्हतं ते कित्येकदा आणताना व्हायचं. हायवेवर पडलेल्याला तर पोलिसांचं लचांड मागं लागेल म्हणून कोणी शिवायचंही नाही. आपल्या बडोद्याचेच डॉ. सुब्रतो दास १९९९ मध्ये महामार्गावर अपघातात सापडले आणि तासन् तास मदत आली नाही. त्यातूनच पुढं त्यांनी लाइफलाइन फाउंडेशन काढलं आणि २००२ पासून महामार्गावरच्या जखमींना उचलायची व्यवस्था उभी केली. १०८ नंबरची ॲम्ब्युलन्स सेवा हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ ला सुरू झाली, गुजरातेत २९ ऑगस्ट २००७ ला. पुढं २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही असं बजावलं आणि २०१९ च्या दुरुस्तीत त्याचं कलमही झालं. हळूहळू आमच्या दारात मानेला कॉलर बांधलेली, सलाइन चालू असलेली, कागदावर वेळ लिहिलेली माणसं यायला लागली. छोटाउदेपूरकडच्या बायका वाटेत बाळंत होऊन यायच्या, पण बाळ कोरडं पुसलेलं, आईच्या छातीवर, वरून चादर. आधी तेच बाळ फडक्यात गुंडाळून गार पडलेलं यायचं. हा फरक मी हातांनी अनुभवलाय. तुला तो दिसत नाही, कारण तू आलीस तेव्हा तो होऊन गेला होता.

आता जे तू लिहिलं नाहीस ते विचारते. ड्यूटीवर पाणी पितेस का? मला उत्तर माहीत आहे. गाडी चौकात नाहीतर पेट्रोल पंपावर उभी, बाथरूमची सोय नाही किंवा जाववत नाही असली, म्हणून बायका बारा-बारा तास पाणी पीत नाहीत. मे महिन्यातल्या बडोद्यात! मग लघवीची जळजळ, ताप, मुतखडे. हे सोसण्यात काहीही भूषण नाही. गाडी उभी करायची जागा प्राथमिक आरोग्य केंद्र, फायर स्टेशन, कुठंही स्वच्छ बाथरूम असलेल्या ठिकाणी असावी, असा अर्ज सगळ्या मुलींनी मिळून द्या. एकीनं दिला तर ती नाजूक ठरते, सगळ्यांनी दिला तर ती मागणी होते. कंबरेचंही तेच. जड पेशंट दोघांनी उचलायचा नाही, बघ्यांतले दोघं बोलवायचे, आणि वाकायचं ते गुडघ्यांतून. कंबर एकदा गेली की डेस्कवरही बसवत नाही.

आणि भिंतीकडे बघत बसणं. एखाद्या केसनंतर असं होणं स्वाभाविक आहे. पण आठवडे उलटले तरी झोपेत तेच दिसत असेल, सायरन ऐकला की छाती धडधडत असेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर ते मनाचं दुखणं आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्री चालतो, मराठीत बोलता येतं. तू लोकांना म्हणतेस ना, अंगावर काढू नका? मग तूही काढू नकोस. आणि तुझ्या पायलटशी बोल. त्या रात्री कॉलर त्याची धरली होती. तोही घरी जाऊन गप्पच बसला असेल.

तर, डेस्कची नोकरी.

ती वाईट मुळीच नाही. विम्याच्या डेस्कपाशी येणारी माणसंही घाबरलेलीच असतात, आणि कुठल्या कागदासाठी उपचार अडले आहेत हे समजावून सांगणारं माणूस तिथं फार हवं असतं. पण आत्ता तू तिथं पळून जाशील, आणि दवाखान्याच्या काचेतून गाडी आलेली दिसली की जीव तुटेल. मामेभावाला सांग, फेब्रुवारीपर्यंत थांबता येईल का. जागा गेली तर जाऊ दे, अशा जागा निघत राहतात. मधल्या काळात आठवडाभर रजा घेऊन नीट झोप, वही सुरू कर, गाडीच्या जागेचा अर्ज टाक, आणि उत्तरायण काढ. १४-१५ जानेवारीला काय असतं तुला ठाऊक आहे : मांज्यानं गळा कापलेले दुचाकीवाले, गच्चीवरून पडलेली पोरं. ते दोन दिवस झाले की चार-पाच दिवस जाऊ दे आणि मग स्वतःला विचार.

विचारायचं काय, तेही सांगते. "मी थकलेय का" हे विचारू नकोस, त्याचं उत्तर कायम हो असेल. पिऊन पडलाय म्हणून सांगितलेल्या माणसाची शुगर तू अजून बघतेस का, हे विचार. बघत असशील तर हे काम अजून तुझं आहे, बाकीचं सावरता येईल. टाळायला लागली असशील, गाडीतूनच अंदाज बांधायला लागली असशील, तर सोड. पेशंटसाठी सोड आणि स्वतःसाठी सोड, मनात अपराध न ठेवता. चार वर्षं हे काम करणं पुष्कळ झालं.

तिसरी वाटही आहे, जी मामेभाऊ सांगणार नाही. २०२१ च्या कायद्यानं ईएमटीसारख्या कामांना आरोग्य व्यवसाय म्हणून मान्यता दिली आहे. पदवीचे अभ्यासक्रम आहेत, ट्रेनर होता येतं, कंट्रोल रूमला जाता येतं, नर्सिंगला येता येतं. रस्त्यावर चार वर्षं काढलेली मुलगी कॅज्युअल्टीत मिळाली तर कुठलीही इनचार्ज सिस्टर तिला हातची सोडणार नाही.

आईवर रागावू नकोस. तिला तू काय सांगतेस, जरा बघ. काका गेले ते सांगितलंस, कॉलर धरली ते सांगितलंस, आणि गाडीत झालेलं बाळ सांगितलंस का? तिला फक्त वाईट रात्रीच माहीत असतील तर ती दुसरं काय म्हणणार? रात्री ड्यूटी संपल्यावर तू घरी कशी येतेस, हीसुद्धा तिची खरी काळजी असेल, तेवढं तिला नीट सांगून टाक. स्थळांचं म्हणशील तर पहिल्या भेटीतच शिफ्ट सांगायची. ज्यांना परत जायचंय ते लवकर जातील, तुझा वेळ वाचेल.

वहीत पहिली नोंद झाली की मला कळव. आणि बीएलएसचं, म्हणजे सीपीआरच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट दोन वर्षांनी संपतं, कुठंही गेलीस तरी ते वेळेवर नवं करून घे.

तुझी,
ताई